ओमानमधील दूरसंचार स्पर्धा : परवाने, दर आणि परदेशी कॉल

आखाती देशांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा तेल, व्हिसा आणि पगार यांच्याभोवतीच फिरते. त्या देशांत बाजारपेठा कशा घडल्या, सरकारने कोणता धंदा स्वतःकडे ठेवला, कोणता खासगी हातांत दिला आणि देताना कोणत्या अटी घातल्या, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कोकण, गोवा आणि हैदराबाद येथील असंख्य कुटुंबांचा या देशांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. घरातला कर्ता माणूस तिकडे आणि बाकीचे इकडे, ही स्थिती तर नित्याचीच. अशा घरात टेलिफोनचा दर हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातला विषय राहत नाही. तो महिन्याच्या खर्चातला एक रकाना असतो.

प्रस्तुत लेखात ओमान या एका देशातील दूरसंचार क्षेत्राच्या उदारीकरणाचा विचार केला आहे. सौदी अरेबियाइतका मोठा बाजार ओमानजवळ नाही आणि दुबईसारखा व्यापारी झगमगाटही नाही. तेलाचे साठे शेजाऱ्यांच्या मानाने मर्यादित, क्षेत्रफळ मात्र सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यात हजर पर्वताच्या रांगा, वाळवंट व मुख्य भूमीपासून तुटलेला मुसंदमचा प्रदेश. बाजार लहान असल्यामुळे एकेका निर्णयाचा परिणाम स्पष्ट दिसतो. त्यामुळे अभ्यासाला हा देश सोयीचा आहे.

प्रश्न साधा आहे. एका कंपनीच्या जागी दोन कंपन्या आल्या म्हणजे स्पर्धा आली का? ओमानचा अनुभव पाहता याचे उत्तर 'अर्धी आली' असे द्यावे लागते. परवाना दिल्याने दार उघडते हे खरे. पण दारामागे आणखी दोन-तीन दारे असतात आणि त्यांच्या किल्ल्या जुन्या कंपनीच्या कनवटीला असतात. त्या कोणी आणि केव्हा काढून घेतल्या, यावर ग्राहकाचा लाभ ठरतो.

मक्तेदारीचा काळ

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये टेलिफोन ही दुर्मिळ वस्तू होती आणि जी काही सेवा होती ती ब्रिटिशांच्या केबल अँड वायरलेस कंपनीकडे होती. १९८० मध्ये सरकारने हे सारे काम आपल्या सामान्य दूरसंचार संघटनेकडे घेतले. आपल्याकडे जसे टपाल-तार खाते होते तसेच हे. जोडणी देणारे तेच, दर ठरवणारे तेच आणि तक्रार ऐकून घेणारेही तेच.

या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे योग्य होणार नाही. निझवा, सूर, सलाला ही शहरे मस्कतशी तारांनी जोडण्याचे काम त्या काळात कोणत्याही खासगी कंपनीने नफ्याच्या हिशेबाने केले नसते. परदेशी कॉल महाग ठेवायचे आणि त्या पैशांतून स्थानिक टेलिफोन स्वस्त द्यायचा, ही त्या काळची जगभरची रीत होती. ओमानमध्ये तिचा अर्थ असा होई की ज्यांना परदेशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही ते परदेशी कामगार देशाच्या स्थानिक टेलिफोनला हातभार लावत. हे कोणी कोठे लिहून ठेवले नव्हते, पण दरपत्रकाचा अर्थ तोच होता.

१९९६ मध्ये जीएसएम मोबाइल सेवा सुरू झाली आणि पाठोपाठ इंटरनेट आले. १९९९ मध्ये सरकारी संघटनेचे रूपांतर ओमानटेल या कंपनीत करण्यात आले. मालकी मात्र पूर्णपणे सरकारचीच राहिली.

कायदा आणि नियामक

उदारीकरणामागे दोन कारणे होती. 'ओमान २०२०' या नावाने १९९० च्या दशकात जो दीर्घकालीन आराखडा तयार झाला त्यात तेलावरचे अवलंबित्व कमी करणे आणि खासगी क्षेत्राला पुढे आणणे ही उद्दिष्टे होती. दुसरे कारण बाहेरचे. नोव्हेंबर २००० मध्ये ओमान जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि दूरसंचार क्षेत्र परदेशी भांडवलाला खुले करण्याची वचने त्याला द्यावी लागली. सरकारला स्पर्धा हवी होती म्हणून ती आली, एवढेच म्हणणे अपुरे आहे. ती यावी लागणार हे ठरलेलेच होते. प्रश्न क्रमाचा आणि वेगाचा होता.

२००२ मध्ये शाही फर्मान क्रमांक ३० अन्वये दूरसंचार नियमन कायदा झाला आणि त्याखाली दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. बहरीननेही त्याच वर्षी असा कायदा केला. भारतात ट्राय १९९७ मध्येच आले होते, हे वाचकांना आठवत असेल.

नियामक वेगळा का लागतो? कंपनी आणि सरकार यांचे हित एकच असते तोवर त्यांच्यात पंचाची गरज नसते. पण त्याच मैदानात दुसरा खेळाडू येणार असेल, आणि पहिला खेळाडू सरकारचाच मुलगा असेल, तर वडिलांनी पंच होऊन चालत नाही. कायद्याने पंच वेगळा केला. मात्र पंचाची नेमणूक सरकारकडेच राहिली आणि दोन्ही खेळाडूंच्या कमाईतला वाटाही सरकारच घेत राहिले. या गोष्टीकडे पुढे वळू.

२००४ मध्ये ओमानटेलला तिच्या स्थिर टेलिफोन व्यवसायासाठी परवाना मिळाला आणि मोबाइल व्यवसाय 'ओमान मोबाइल' या उपकंपनीकडे वेगळा काढण्यात आला. हिशेब वेगळे झाले म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालून नव्या स्पर्धकाला बुडवणे कठीण होते, हा त्यामागचा विचार. २००५ मध्ये ओमानटेलचे ३० टक्के भाग जनतेला विकण्यात आले.

नवरसचे आगमन

दुसरा मोबाइल परवाना २००४ मध्ये ठरला आणि मार्च २००५ मध्ये 'नवरस' ही सेवा सुरू झाली. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या 'नौरस'ची आठवण आपल्या सीमाभागातल्या वाचकांना होईल, पण तो संबंध नाही. अरबीत नवरस म्हणजे कुरव, समुद्रावर उडणारा पांढरा पक्षी. कंपनीच्या मागे डेन्मार्कची टीडीसी आणि कतारची क्यूटेल या दोघी होत्या आणि त्यांच्याबरोबर ओमानमधील काही निवृत्तिवेतन निधी होते.

परिणाम लगेच दिसला. २००४ अखेर देशात सुमारे ८ लाख मोबाइल जोडण्या होत्या. २००५ अखेर त्या १३ लाखांवर गेल्या आणि २००८ अखेर ३२ लाखांच्या आसपास पोहोचल्या. २००३ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या साधारण २३ लाख ४० हजार होती आणि २०१० मध्ये ती २७ लाख ७० हजारांच्या घरात होती. म्हणजे माणसांपेक्षा जोडण्या अधिक झाल्या. तारेच्या टेलिफोनची संख्या याच काळात अडीच लाखांच्या आसपास घुटमळत राहिली. डोंगरातल्या गावाला तार नेण्यापेक्षा मनोरा उभारणे स्वस्त, हे त्याचे एक कारण. भाड्याच्या खोलीत चार-सहाजण मिळून राहणाऱ्या कामगाराला तारेचा टेलिफोन मिळणेच अवघड होते आणि प्रीपेड कार्ड मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते, हे दुसरे.

तरीही हे आकडे जपून वाचले पाहिजेत. लोकसंख्येहून अधिक जोडण्या म्हणजे प्रत्येकाच्या हाती फोन आला असे नाही. पुष्कळांच्या खिशात दोन सिमकार्डे असत. एक कार्ड ओमान मोबाइलच्या ग्राहकांशी बोलायला, दुसरे नवरसच्या. माणसाने दोन कार्डे का बाळगावीत? याच्या उत्तरात दूरसंचार स्पर्धेचे सारे मर्म आहे.

एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात

बाजारात दुसरा किराणा दुकानदार आला तर त्याला पहिल्या दुकानदाराशी बोलण्याचे कारण नसते. टेलिफोनचे तसे नाही. नव्या कंपनीचा पहिला ग्राहक ज्यांच्याशी बोलू इच्छितो ते सगळे जुन्या कंपनीकडे असतात. जुन्या कंपनीने आपले जाळे जोडून दिले नाही तर नव्या कंपनीचा फोन म्हणजे निव्वळ खेळणे. म्हणून कायदा जोडणी सक्तीची करतो. पण जोडणीचा दर काय, हा प्रश्न उरतोच.

समजा, नवरसच्या ग्राहकाने ओमान मोबाइलच्या ग्राहकाला फोन केला. पैसे फोन करणाऱ्याकडून नवरसला मिळाले. पण कॉल शेवटपर्यंत पोहोचवण्यासाठी ओमान मोबाइलचा मनोरा वापरला गेला, म्हणून नवरसने मिनिटामागे काही बैसा तिला द्यायचे. (ओमानच्या एका रियालचे हजार बैसा होतात आणि रियाल १९८६ पासून सुमारे २.६० अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे.) हा जोडणी आकार ठरवताना एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. ज्याला फोन करायचा तो माणूस ज्या कंपनीकडे आहे तिच्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्गच नसतो. म्हणजे बाजारात दोन कंपन्या असोत की पाच, आपापल्या ग्राहकांपुरती प्रत्येक कंपनी मक्तेदारच असते. स्पर्धा वाढवून हा दोष जात नाही. तो फक्त नियामकाने दर बांधूनच जातो.

दर जास्त राहिला तर काय होते, याचा एक काल्पनिक हिशेब करून पाहू. जोडणी आकार मिनिटाला २० बैसा आहे आणि कंपनीचा स्वतःचा खर्च १० बैसा. आपल्याच जाळ्यातला कॉल ती १५ बैसात देऊ शकेल, पण दुसऱ्या जाळ्यातला कॉल ३० बैसांच्या खाली देता येणार नाही. दहा ग्राहकांपैकी आठ ज्या कंपनीकडे आहेत तिच्या ग्राहकाचे बहुतेक कॉल १५ बैसांचे असतील. ज्या कंपनीकडे दोनच आहेत तिच्या ग्राहकाचे बहुतेक कॉल ३० बैसांचे. दोघींचे दरपत्रक अगदी सारखे असले तरी लहान कंपनीचा ग्राहक महिनाअखेरीस अधिक पैसे मोजतो. यावर उपाय म्हणून तो दुसरे कार्ड घेतो. दोन कार्डांचा रिवाज हा श्रीमंतीचा नव्हे, जोडणी आकाराचा पुरावा आहे.

आपल्याकडे ट्रायने हा आकार २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे, २०१७ मध्ये ६ पैसे असा उतरवत आणला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात फोन केल्यास वेगळा दर, ही कल्पना आजच्या भारतीय तरुणाला सांगावी लागते ती यामुळेच. ओमानच्या प्राधिकरणानेही वर्चस्व असलेल्या कंपनीवर दरांची व जोडणीची बंधने घालण्याचा मार्ग धरला. परंतु दोघांच्याच बाजारात प्रत्येक दर हा दोघांमधल्या तहाचा भाग होतो आणि नियामकाला दोन्ही बाजूंची कागदपत्रे मागवत बसावे लागते.

एक पाऊल ओमानने मात्र फार लवकर टाकले. २००६ मध्येच तिथे क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. भारतात ती सर्वत्र यायला जानेवारी २०११ उजाडला आणि संयुक्त अरब अमिरातीत तर २०१३ चा शेवट. परदेशात काम करणाऱ्याच्या दृष्टीने या सोयीचे मोल वेगळे आहे. त्याचा क्रमांक गावाकडे भिंतीवर कोळशाने लिहिलेला असतो, मुलाच्या शाळेच्या अर्जात असतो, बँकेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर असतो. तो बदलायचा म्हणजे सगळ्यांना पुन्हा कळवायचे. दर दोन बैसांनी कमी आहे म्हणून कोणी एवढा खटाटोप करत नाही, आणि ग्राहक हलत नाही हे कळले की कंपनीही दर कमी करत नाही.

परदेशी कॉलचे दार

आता आपल्या वाचकांना सर्वांत जवळच्या असलेल्या विषयाकडे येऊ. २००५ मध्ये स्पर्धा सुरू झाली ती देशांतर्गत मोबाइलपुरती. देशाबाहेर जाणारा प्रत्येक कॉल ज्या केंद्रातून जातो त्याला या धंद्यात गेटवे म्हणतात. ते गेटवे आणि समुद्राखालून जाणाऱ्या केबलींचे किनाऱ्यावरचे टोक ही दोन्ही ओमानटेलच्या ताब्यात राहिली. नवरसचा ग्राहक रत्नागिरीला किंवा मडगावला फोन करी तेव्हा नवरस तो कॉल ओमानटेलकडून घाऊक दराने विकत घेऊनच पुढे पाठवू शके. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याकडूनच माल घ्यायचा. घाऊक दर चढा ठेवला की किरकोळ दर खाली आणण्याला आपोआप मर्यादा पडते.

भारताच्या बाजूने पाहिले तर विदेश संचार निगमची परदेशी कॉलवरची मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली होती आणि भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉलचे दर कोसळू लागले होते. पण रस्ता दोन टोकांचा असतो. आपल्या टोकाचा नाका उठला तरी पलीकडचा नाका तसाच होता. गावाकडून मिस्ड कॉल द्यायचा आणि मस्कतच्या रुवी भागातून माणसाने परत फोन करायचा, ही जी पद्धत पडली होती ती अशा परिस्थितीत उलटी फिरू लागणे स्वाभाविक होते. स्वस्त टोकाकडून बोलायचे, हा व्यवहार अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसालाही समजतो.

सरकारचा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नव्हता. परदेशी कॉलचे उत्पन्न एकदम आटले तर डोंगरातल्या व मुसंदमच्या सेवेचा तोटा कशातून भरायचा, हा प्रश्न होताच. पण असा तोटा भरून काढण्यासाठी उघड निधी ठेवणे हा सरळ मार्ग आहे. कामगाराच्या कॉलमध्ये तो लपवणे हा आडमार्ग, आणि त्याचा भार ज्याला त्या देशात मत नाही, कायम वास्तव्य नाही, अशा माणसावर पडतो. माझ्या मते ओमानच्या उदारीकरणातील सर्वांत मोठी उणीव हीच होती.

२००९ मध्ये नवरसला स्थिर सेवेचा परवाना मिळाला आणि त्याबरोबर स्वतःचे गेटवे उभारण्याचा हक्कही. पुढच्या वर्षी ती सेवा सुरू झाली. टाटा कम्युनिकेशन्सची आखातातून जाणारी समुद्री केबल ओमानच्या किनाऱ्यावर उतरवून घेण्याचे काम नवरसने पत्करले. ही टाटा कम्युनिकेशन्स म्हणजेच पूर्वीची विदेश संचार निगम. एके काळचा मुंबईचा मक्तेदार मस्कतची मक्तेदारी सैल करण्यास कारणीभूत झाला, हा इतिहासाचा एक गमतीदार योग म्हणायचा. ओमानटेल स्वतःही मुंबईला जोडणाऱ्या 'फाल्कन' आणि 'युरोप इंडिया गेटवे' या केबलींत सहभागी झाली होती.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओमानच्या किनाऱ्याचे तारायंत्राशी नाते फार जुने आहे. १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून आखातमार्गे युरोपकडे तारायंत्राची समुद्री केबल टाकली गेली. ती ग्वादरहून निघून मुसंदमच्या खाडीतल्या एका उघड्या-बोडक्या बेटावर येई. ते बेट आजही टेलिग्राफ आयलंड याच नावाने ओळखले जाते, आणि ग्वादर स्वतः १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानांच्या अमलाखाली होते. म्हणजे दोन किनाऱ्यांमध्ये तार होती, ती दीडशे वर्षांपासून. तिच्यावरून कोणी किती दराने बोलावे, एवढेच बदलत गेले.

पुनर्विक्रेते

गेटवेची मक्तेदारी संपण्याच्या सुमारासच आणखी एक प्रयोग झाला. ज्यांचे स्वतःचे मनोरे नाहीत, जे मोठ्या कंपनीकडून घाऊक मिनिटे विकत घेऊन आपल्या नावाने कार्डे विकतात, अशा मोबाइल पुनर्विक्रेत्यांना प्राधिकरणाने परवाने दिले. २००९ मध्ये 'फ्रेंडी' आणि 'रेन्ना' या दोन कंपन्या सुरू झाल्या. अरब आखातात असा प्रयोग करणारा ओमान हा पहिला देश होता.

मोठ्या कंपन्यांनी आपला गिऱ्हाईक म्हणून मस्कतचा नोकरदार किंवा ओमानी तरुण डोळ्यांसमोर ठेवला होता. पुनर्विक्रेत्यांचा भर मात्र परदेशी कामगारांवर राहिला. कमी रकमेचे रिचार्ज, भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांच्यासाठी वेगळे दर, आणि ग्राहकसेवेत हिंदी-उर्दू बोलणारी माणसे. नवे तंत्रज्ञान काहीच नव्हते. दुर्लक्षित ग्राहकाला कोणीतरी ग्राहक मानले, इतकेच. मोबाइल जोडण्यांत त्यांनी थोड्याच वर्षांत दखल घेण्याजोगा वाटा मिळवला. तरी त्यांचा पाया भाड्याचा होता. घाऊक दर यजमान कंपनीच्या हाती, आणि यजमान कंपनी किरकोळ बाजारात त्यांची प्रतिस्पर्धी. गेटवेची कहाणी इथे लहान प्रमाणात पुन्हा घडत होती.

सरकारचा वाटा

आता पंच, खेळाडू आणि वाटेकरी यांच्याकडे वळू. ओमानमध्ये मोबाइल कंपन्यांकडून सरकार उत्पन्नाच्या ७ टक्के स्वामित्वशुल्क घेत असे. तेलाचे भाव पडल्यानंतर, २०१७ पासून, ते १२ टक्के करण्यात आले. हे शुल्क नफ्यावर नसून उत्पन्नावर आहे, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. नफ्यावरचा कर नफा झाला तरच भरावा लागतो. उत्पन्नावरचे शुल्क हे प्रत्येक मिनिटाच्या खर्चात मिसळते आणि दर कमी करण्याची कंपनीची ताकद कमी करते. ग्राहकाने एक रियाल दिला की त्यातले १२० बैसा आधीच बाजूला ठेवावे लागतात. भारतातही परवाना शुल्क उत्पन्नातील वाट्यावरच बेतलेले आहे आणि 'समायोजित एकूण उत्पन्न' म्हणजे नेमके काय, या वादावर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने काही कंपन्यांचे कंबरडे मोडले, हे ताजे आहे.

मालकीचे चित्रही असेच गुंतागुंतीचे. ओमानटेलचा एक मोठा हिस्सा परदेशी कंपनीला विकण्याचा बेत २००८ मध्ये जागतिक मंदीमुळे सोडून द्यावा लागला. २०१४ मध्ये आणखी १९ टक्के भाग ओमानी नागरिकांना विकले गेले आणि सरकारकडे ५१ टक्के उरले. नवरसने २०१० मध्ये आपले ४० टक्के भाग बाजारात आणले आणि २०१४ मध्ये ती उरेडू या नावाने ओळखली जाऊ लागली. क्यूटेलचेच हे नवे नाव, आणि तीत कतार सरकारचा मोठा हिस्सा. म्हणजे एका कंपनीत ओमान सरकार, दुसरीत कतार सरकार आणि ओमानचे निवृत्तिवेतन निधी. याला खासगीकरण म्हणावे का, हा प्रश्न वाचकांवर सोडतो. स्पर्धा मात्र होती. दोन सरकारी घराण्यांत असू शकते तशी, सभ्य आणि मर्यादा सांभाळणारी.

मर्यादा फार सांभाळल्या गेल्या असे ग्राहकांना वाटू लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ओमानी नागरिकांनी समाजमाध्यमांवरून आवाहन करून दोन्ही कंपन्यांवर बहिष्कार पुकारला. इंटरनेटचे दर जास्त आहेत आणि दोघींचे दर जवळजवळ सारखेच आहेत, ही तक्रार होती. दिवसातले ठरावीक तास फोनचे इंटरनेट बंद ठेवायचे, असे त्याचे स्वरूप होते. आंदोलनांची फारशी सवय नसलेल्या देशात ही घटना लहान नव्हती.

तिसरी कंपनी

तिसऱ्या परवान्याची तयारी सुरू झाली आणि शेजारच्या देशांतील बड्या कंपन्या शर्यतीत उतरल्या. पण २०१७ च्या अखेरीस परदेशी कंपन्यांची स्पर्धात्मक निवड गुंडाळून, परवाना देशी निधींच्या पाठबळावरील कंपनीला द्यायचे ठरले. त्याच वर्षी ओमानटेलने कुवेतच्या झेन समूहात सुमारे २२ टक्के भाग विकत घेतले. झेन ही त्या परवान्याच्या इच्छुकांपैकीच एक होती. अखेर ही तिसरी कंपनी व्होडाफोनशी नावाचा व सहकार्याचा करार करून २०२२ च्या सुरुवातीला बाजारात आली. निर्णयापासून सेवेपर्यंत चार वर्षे गेली आणि तेवढा काळ दोघींना मोकळा मिळाला.

या चार वर्षांत आणि त्याआधी एक दुसरा बदल शांतपणे झाला, आणि माझ्या दृष्टीने तो तिसऱ्या परवान्यापेक्षा महत्त्वाचा आहे. २०१४ च्या सुमारास ओमान ब्रॉडबँड ही सरकारी कंपनी उभी राहिली. ती ग्राहकाला काही विकत नाही. ती फक्त तंतुवाहिन्या टाकते आणि सर्व कंपन्यांना सारख्या दराने भाड्याने देते. मस्कतमध्ये सांडपाण्याच्या वाहिन्या टाकण्यासाठी रस्ते खणले जात होते, त्याच खोदाईत तंतुवाहिन्याही गेल्या. यामुळे 'अवासर'सारखी नवी इंटरनेट कंपनी स्वतःची एक तारही न टाकता घरोघर सेवा देऊ शकली. २०२२ च्या अखेरीस ओमानटेलने आपले अडीच हजारांहून अधिक मनोरे हेलिओस टॉवर्स या त्रयस्थ कंपनीला विकले. मनोरा जोवर ओमानटेलचा होता तोवर त्यावर प्रतिस्पर्ध्याला जागा देण्यात तिला काही गोडी नव्हती. मनोऱ्याचे भाडे हाच ज्याचा धंदा आहे त्याला मात्र एकाच मनोऱ्यावर जितके भाडेकरू येतील तितके हवेच असतात.

परदेशी कॉलच्या बाबतीत मात्र जुनी सवय सुटली नाही. स्काइप आणि पुढे व्हॉट्सॲपचे बोलणे ओमानमध्ये दीर्घकाळ अडवले गेले, इंटरनेटवरून कॉल विकणाऱ्या कॅफेंवर धाडी पडल्या, आणि परवान्याशिवाय ध्वनिसेवा देता येत नाही हे त्याचे कायदेशीर कारण सांगितले गेले. संदेश लिहायला, फोटो पाठवायला, आवाज ध्वनिमुद्रित करून धाडायला हरकत नव्हती. त्यामुळे कामगार बोललेले मुद्रित करून पाठवी, घरचे ते ऐकून उलट मुद्रित करून पाठवीत, आणि एका मिनिटाच्या बोलण्याला संध्याकाळ लागे. गेटवे दोन झाले, कंपन्या तीन झाल्या, मनोरे भाड्याने मिळू लागले, तरी ज्या कॉलसाठी स्पर्धेची सर्वांत अधिक गरज होती त्या कॉलचा सर्वांत स्वस्त मार्ग नियमाने बंद राहिला, आणि त्या नियमाचा लाभ तिन्ही कंपन्यांना सारखाच मिळत होता.